शेषरावांची भिंत जुनी होत नाही

"वेबसाइट म्हन्जे काय हो? भिंतच ते! फक्त तिले चुना लागत नाई!"

अनसिंगच्या बसथांब्यासमोरच्या टपरीवर शेषरावांनी हे जाहीर केलं आणि उरलेला चहा एका घोटात संपवला, जणू काम उरकूनच आले होते! समोरच्या बाकड्यावरून कोणीतरी विचारलं, "कोनाकून बनवून घेता मंग?"

झालं! शेषरावांचे कान गेरूसारखे लाल झाले.

"कोनाकून म्हन्जे? पंचवीस वर्षं झाले, माह्या भिंतीले दुसऱ्याचा ब्रश लागला नाई. अन् वेबसाइटले लागू देईन? मी सोता बनवीन! आठ दिवसांत! नाई बनवली तर पाटीवरचं 'आर्टिस्ट' पुसून 'पेंटर' लिहीन!"

आता या 'आर्टिस्ट'चं प्रकरण सांगायलाच हवं. आमच्या भागात लग्न जमलं की घराची दर्शनी भिंत रंगवून घेतात. मधोमध नवरानवरीचं नाव, खाली तारीख, बाजूला मोर, हत्ती, कमळ, ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीप्रमाणं. लग्न उरकतं, मांडव निघतो, पण भिंत राहते. घरात पुढचं लग्न निघेपर्यंत ती कोणी पुसत नाही. वाशिमपासून मंगरुळपीरपर्यंत अशा भिंती शेषरावांनी किती रंगवल्या याचा हिशोब त्यांनाही नाही. एका भिंतीवरच्या कमळावर खरा भुंगा येऊन बसला होता. रंग ओला होता, म्हणून तो तिथंच राहिला. अजून आहे! पाहायचा असेल तर मला विचारा, घर दाखवतो.

शेषरावांचा एक नियम होता. भिंतीवर तारीख लिहायची, महिना लिहायचा, साल लिहायचं नाही. "साल टाकलं की भिंत म्हातारी होते," ते म्हणायचे. "लोक बोटं मोजतात, अरे, सात वर्षं झाले, अजून रंग नाई लावला! साल नसलं की भिंत कालचीच. शेषरावची भिंत जुनी होत नाई!"

अशा माणसाच्या पोटावर फ्लेक्सवाला येऊन बसला. आता लोक अर्ध्या तासात नवरानवरीचा फोटो छापून आणत आणि शेषरावांच्याच जुन्या मोरावर दोरीनं बांधत! मोराची फक्त शेपटी खाली लोंबायची. ती शेपटी पाहून शेषरावांना दोन दिवस जेवण जात नसे.

आणि अशात वाशिमजवळच्या मालेगावहून फोन आला. तिथं नवं बुद्धविहार बांधून झालं होतं. आतली साठ फुटी भिंत, त्यावर तथागतांचं सगळं चरित्र काढायचं होतं. कमिटीचे सचिव धम्मपाल गुरुजी म्हणाले, "जय भीम, शेषराव. तीन आर्टिस्टची नावं आहेत. बाकी दोघांची वेबसाइट पाहिली. तुमची पाठवा."

शेषरावांनी फोन ठेवला आणि बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत बसले. पंचवीस वर्षांत त्यांनी काढलेली प्रत्येक भिंत कधी ना कधी पुसली गेली होती, नाहीतर पुसली जाणार होती. ही एक राहणार होती. नातवंडं पाहतील अशी. ती हुकली तर पुढं शेपट्याच!

म्हणून टपरीवरची ती गर्जना.

दुसऱ्या दिवशी शेषराव अंगणात लिंबाखाली मोबाइल घेऊन बसले. त्यांच्या पत्नी गंगूबाई शेजारी गहू निवडत होत्या. फोटो पाहता पाहता सहज म्हणाल्या, "ऐकलं का, फोटोखाली साल टाका. म्हन्जे लोकायले समजते कधीचं काम हाये ते."

"साल?" शेषराव बाजेवरून उठलेच! "पंचवीस वर्षं सांगून राह्यलो, साल टाकलं की भिंत म्हातारी होते! कलेतलं तुले काही समजते?"

"मले काय समजनार बाप्पा," गंगूबाई म्हणाल्या आणि एक खडा असा भिरकावला की पलीकडची कोंबडी उठून गेली.

नेमकं त्याच क्षणी वेबसाइटनं पासवर्ड मागितला. लांबलचक पाहिजे, कोणालाही सुचणार नाही असा पाहिजे. शेषरावांच्या डोक्यात त्या घडीला एकच वाक्य घुमत होतं. त्यांनी तेच इंग्रजी अक्षरांत ठोकलं, शेवटी एकदोनतीन लावलं आणि नेहमीप्रमाणं आतल्या खोलीत जाऊन भिंतीवर ब्रशनं लिहून ठेवलं. ती भिंत म्हणजे त्यांची वही. फोन नंबर, मापं, कोणाच्या घरी किती हत्ती, सगळं तिथं. कपाटाच्या मागं, जिथं सहसा कोणाची नजर जात नाही तिथं, त्यांनी पासवर्ड लिहिला. तो काय होता हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. असतं तर शपथेवर सांगतो, मीच पुसला असता!

वेबसाइटवाल्यांनी तयार नमुने दिले होते. कोण्या परदेशी चित्रकर्तीचा नमुना शेषरावांनी निवडला, कारण त्याचा निळा रंग पसंत पडला. शब्द आपोआप मराठी होऊन आले होते. 'माझ्याबद्दल' या पानावर लिहिलेलं होतं, 'मी समुद्रकिनारी माझ्या दोन मांजरींसोबत राहते.' शेषरावांनी ते पुसायला पाहिलं. पुसलं की परत यायचं! तिसऱ्या दिवशी ते चिडून म्हणाले, "राहू दे! कोन वाचून राह्यलं!"

मग फोटो. प्रत्येक चित्र नमुन्यानं चौकोनी कापून टाकलं! हत्तीची सोंड गेली, मोराचा पिसारा गेला.

"अरे, तो फ्लेक्सवाला बरा! तो निदान शेपटी तरी ठेवत होता!"

वर प्रत्येक चित्राखाली एक हिरवी चिठ्ठी आपोआप लागली, 'उपलब्ध'. तीही निघेना.

बारा फोटोंत कलादालन भरलं. आणि शेषरावांची सगळ्यात देखणी भिंत तर बाहेरच राहिली! त्यांच्याच गल्लीतली, जगदेवभाऊंच्या घराची. तीन वर्षांपूर्वी जगदेवभाऊंच्या पोराचं, हरीओमचं लग्न झालं तेव्हाची. पिसारा दारापासून थेट गच्चीपर्यंत! ही कुठं लावायची? पुढचं पान रिकामंच होतं. त्याचं नाव 'आगामी कार्यक्रम'. शेषरावांनी विचार केला, लग्न हा कार्यक्रमच की! लावली.

पान लगेच विचारू लागलं. तारीख? भिंतीवर होती तीच टाकली, अठरा मे, दुपारी बारा. ठिकाण? जगदेवभाऊंचं घर, अनसिंग. साल? साल शेषराव टाकतात होय! रागानं तो रकाना तसाच सोडला. वेबसाइटनं आपल्या मनानं येणारी अठरा मे धरून टाकली.

शेवटी विचारलं, 'तुमच्या ओळखीच्या सर्वांना कळवायचे का?'

"वा! हे एक मानसासारखं बोलली!" शेषराव खूश झाले. त्यांनी 'हो' दाबलं. मोबाइलमध्ये पंचवीस वर्षांची गिऱ्हाइकं होती, सहाशेच्या वर. सगळ्यांना एक लिंक गेली. मालेगावला गुरुजींनाही गेली. जगदेवभाऊंचा फोन तेवढा बटनांचा, त्यावर काही उघडलं नाही. आसेगावला हरीओमच्या सासऱ्यालाही गेली, कारण त्यांचीही भिंत शेषरावांनीच रंगवली होती.

शेषराव टपरीवर गेले आणि सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं चहा पाजला. त्याच आठवड्यात चौदा एप्रिलच्या तयारीला लागलेल्या गंगूबाईंनी एकटीनं कपाटं ओढून आतल्या खोलीला निळा डिस्टेंपर मारला. दोन हात! "गावाच्या भिंती रंगवता, घरच्या भिंतीवर मात्र नंबर लिहिता!" असं त्या म्हणाल्याही होत्या. शेषरावांनी ऐकलं नाही. ते मोबाइलवर स्वतःची वेबसाइट उघडून पाहत होते. दिवसातून चाळीसदा.

अठरा मे उजाडली. उन्हं अशी की रस्त्यावर चप्पल विसरली तर परत पातळ होऊन मिळावी! जगदेवभाऊ ओसरीवर उघड्या अंगानं पडले होते. अकराच्या सुमारास फेटे बांधलेले चौघे दारात उभे.

"राम राम भाऊ! मांडव नाई टाकला?"

"कायचा मांडव?"

"आता घरच्याघरी कराचं ठरवलं तर बरंच हाये. पंखा लावा राजेहो."

ते आत येऊन बसले. मागून आणखी सात आले. मग एक जीप. मग दोन मोटारसायकलींवर सहाजण. कोणाच्या हातात टोपी-टॉवेल, कोणाच्या हातात स्टीलचा डबा. एक म्हातारी तर भिंतीवरच्या मोराला हात लावून म्हणाली, "रंग कसा टवटवीत हाये! कालच काढला वाटते!" पाहा, शेषरावांचा नियम किती खरा होता!

जगदेवभाऊंनी सदरा चढवेपर्यंत घरात साठ माणसं झाली होती. आणि हरीओम, ज्याचं हे लग्न, तो बनियनवर कूलरमध्ये पाणी ओतत होता. त्या कूलरवरूनच त्याचं आणि वर्षाराणीचं भांडण झालं होतं. तिला कूलर स्वयंपाकघराकडं फिरवून पाहिजे होता, त्याला स्वतःकडं. पंधरा दिवसांपासून ती आसेगावला माहेरी होती.

तेवढ्यात आसेगावचा टेम्पो आला. आधी वर्षाराणी उतरली, मग तिचा बाप, मग हातात काठ्या घेतलेले चौघे. वर्षाराणीनं बापाचा मोबाइल हरीओमच्या नाकासमोर धरला; त्यातली लिंक तिच्या नजरेला आजच पडली होती.

"हे काय हाये?"

पडद्यावर चौकोनी कापलेलं चित्र होतं. वर शुभविवाह. खाली 'चि. हरीओम आणि चि. सौ. कां.' आणि तिथंच चित्र संपलं होतं! नवरीचं नाव नमुन्यानं कापून टाकलेलं.

"मी पंधरा दिवस नाई तर तुमी दुसरी पाहून घेतली? कोन हाये ते? नाव कायले लपवलं?"

"अवो, मले काहीच माहीत नाई! मी तर पानी टाकून राह्यलो!"

"अन् हे खाली काय लिहिलं? 'उपलब्ध'! तुमी उपलब्ध हा?"

साठ पाहुणे एकदम हरीओमकडं वळले. हरीओमच्या हातातली बादली कूलरऐवजी सासऱ्याच्या पायावर रिकामी झाली. उन्हाच्या दिवसांत सासऱ्याला ते बरं वाटलं असावं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

"हे पाठवलं कोनं?" जगदेवभाऊ गरजले.

सगळे मोबाइल एकदम वर झाले. सगळ्यांवर एकच ओळ होती: 'शेषराव आर्टिस्ट आपणांस आमंत्रित करत आहेत.'

शेषराव तेव्हा जेवायला बसत होते. बाहेर गलका ऐकून त्यांना वाटलं, वेबसाइट पाहून गिऱ्हाइकं आली! हात धुऊन, केस सारखे करून बाहेर आले तर अंगणात सत्तर माणसं, समोर काठ्या, आणि सगळ्यांच्या मागं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, छत्री लावून उभे असलेले धम्मपाल गुरुजी!

"जय भीम, शेषराव. कमिटीच्या वतीनं आलो. आमंत्रण होतं."

शेषरावांच्या डोळ्यांसमोर साठ फुटी भिंत कोसळली.

"शेषराव!" जगदेवभाऊंनी त्यांची कॉलर धरायला हात उचलला, पण गुरुजींना पाहून स्वतःचीच कॉलर सारखी केली. "माह्या पोराचं लग्न काहून लावून राह्यला तू?"

"मी लावलं? मी? अरे, माह्या मोराची मान कापली त्या वेबसाइटनं! पंचवीस वर्षांचं नाव मातीत घातलं! तिच्यावर केस करा, माह्यावर काय ओरडता!"

"ते पान काढ आधी! तिकडं अजून दोन जीपा येऊन राह्यल्या!"

शेषरावांनी घाईघाईनं 'काढून टाका' दाबलं. वेबसाइटनं शांतपणे विचारलं, 'खात्रीसाठी पासवर्ड द्या.'

"एका मिनिटात देतो!" म्हणत शेषराव आतल्या खोलीत गेले, दोघांच्या मदतीनं कपाट ओढलं आणि जागच्या जागी बसलेच. मागं निळं आकाश! एक अक्षर नाही!

"गंगू! माही भिंत कुठी गेली?"

"कुठी जाते? रंग मारला तिले. दीड महिना झाला. तुमाले आज दिसली?"

गर्दीतल्या कोणी शहाण्यानं सुचवलं, "पासवर्ड विसरलात दाबा, मेलवर येते."

"मेलचा पासवर्डबी त्याच भिंतीवर हाये!"

मग जे झालं ते अनसिंगमध्ये आधी कधी झालं नव्हतं. शेषरावांनी रंग खरडायच्या सगळ्या पट्ट्या बाहेर काढल्या. हरीओमनं एक घेतली. सासऱ्यानं एक घेतली. काठ्यावाल्यांपैकी दोघं लागले. निळी पूड उडाली आणि फेटे, मिशा, सगळं निळं झालं. अक्षरं वर येऊ लागली.

"हत्ती चार, मोर दोन," सासऱ्यानं वाचलं.

"ते नाई! खाली पाहा!"

"गंगूची साडी, पुढच्या महिन्यात," हरीओमनं वाचलं.

दारातून गंगूबाईंनी विचारलं, "कोन्या सालचं हाये ते?"

साल लिहिलेलंच नव्हतं.

गुरुजींनी छत्री मिटली, चष्मा पुसला आणि पुढं झाले. छत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतलेला माणूस! "बाजूला व्हा. मी अक्षर जुळवतो, तुम्ही एकानं मोबाइलमध्ये टाका." कपाटामागची जागा खरडून झाली होती. पुसट इंग्रजी अक्षरं दिसत होती. गुरुजींनी बोट ठेवलं आणि खड्या आवाजात वाचलं, "गं!"

"गं!" सवयीनं खोलीतली चाळीस माणसं एका सुरात म्हणाली. त्यातले निम्मे गुरुजींचेच विद्यार्थी होते.

आणि त्या क्षणी शेषरावांना आठवलं.

"गुरुजी! राहू द्या! आपन कंपनीले फोन करू!"

"थांबा हो. गू!"

"गू!"

"गुरुजी, हात जोडतो!"

"ले! का! य!" अंगणातलेही आता म्हणू लागले होते. आवाज बसथांब्यापर्यंत गेला म्हणतात. गुरुजींनी शेवटची अक्षरं फुंकर मारून साफ केली आणि एखादा धडा संपवावा तसं सगळं सलग वाचलं, "गंगूले काय समजते एकदोनतीन!"

"गंगूले काय समजते एकदोनतीन!" अख्खी गल्ली म्हणाली.

मग जी शांतता पसरली तीत कोंबडीनं पाय उचलल्याचाही आवाज आला असता. कोंबडी मात्र गंगूबाईंना ओळखून होती, तिनं पाय उचलला नाही.

गंगूबाई पुढं आल्या. पदराला हात पुसले. "आना तो मोबाइल."

"गंगू, ते मी रागाच्या..."

"सरका."

त्यांनी एकेक अक्षर टाकलं. एकदोनतीनही टाकलं. पान उघडलं. एका जागी थोडं दाबून धरलं आणि मोराचं चित्र पसरून पूर्ण झालं, दारापासून गच्चीपर्यंत. वर्षाराणीचं नाव आलं. मग त्यांनी 'साल' या रकान्यात तीन वर्षांपूर्वीचं साल घातलं. घातल्याबरोबर कार्यक्रम 'आगामी'तून आपोआप निघून जुन्या कामांत जाऊन बसला. दोन मिनिटं लागली असतील.

"एवढंच होतं," त्या म्हणाल्या.

वर्षाराणीनं पडद्यावरचं स्वतःचं नाव पाहिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं. तो निळा दिसत होता.

"कूलर कुठी ठेवला?"

"तू म्हनशील तिकडं."

"चला मंग."

पाहुण्यांचा प्रश्न उरला होता. जगदेवभाऊंनी वैतागून एवढंच म्हटलं, "आले तसे जेवून जा!" आणि वरण-पोळी, वांग्याच्या भाजीची पंगत बसली. आहेर परत न्यायला कोणी तयार होईना, म्हणून हरीओम आणि वर्षाराणीला पुन्हा एकदा ओसरीवर शेजारी बसवण्यात आलं. दोघांनीही फारशी हरकत घेतली नाही.

जेवण झाल्यावर गुरुजी जगदेवभाऊंच्या भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. मोराच्या पिसाऱ्यावरून बराच वेळ नजर फिरवली. शेषराव मागं उभे होते, गुन्हेगारासारखे.

"तीन वर्षं झाली म्हणता?"

"हो."

"वाटत नाही."

शेषरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. डिस्टेंपरची पूड गेली असावी.

"मालेगावची भिंत तुमची," गुरुजी म्हणाले. "फक्त एक. काय काढायचं ते तुमच्याशी बोलेन. बाकी वेळ, तारीख, काय ठरवायचं ते वहिनींशी. कमिटीला माणूस विश्वासाचा लागतो." जाता जाता ते थांबले. "अन् त्या मांजरी दिसल्या नाहीत कुठं?"

आता मालेगावचं काम सुरू आहे. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात साल टाकायची जागा गंगूबाईंनी स्वतः खडूनं आखून दिली आहे. वेबसाइट त्याच सांभाळतात. मांजरी त्यांनी एका दुपारी काढून टाकल्या. समुद्रही गेला. संपर्कात त्यांचाच नंबर आहे. आणि पासवर्ड बदललेला आहे. नवा काय आहे ते त्या शेषरावांना सांगत नाहीत.

शेषराव टपरीवर बसून अजून चिडतात. "माही वेबसाइट! माह्या नावाची! अन् मलेच आत जाता येत नाई! सांगा, हा न्याय हाये का?"

परवा गंगूबाई दळण आणायला गेल्या होत्या. शेषरावांनी हळूच त्यांचा मोबाइल घेतला. थोडा विचार केला. मग इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'शेषरावले काय समजते', आणि शेवटी एकदोनतीन.

पहिल्याच फटक्याला उघडलं!

त्यांनी लगेच बंद केलं, मोबाइल होता तिथं ठेवला आणि ब्रश धुवायला गेले. उघडलं म्हणून सांगावं, तर कसं सुचलं तेही सांगावं लागलं असतं.